पृथ्वी सूर्याभोवती फिरते : पुरावे नेमके कोणते?

पृथ्वी सूर्याभोवती फिरते, हे आपण सर्वांनी प्राथमिक शाळेत पाठ केले. रिकाम्या जागा भरल्या, गुण मिळवले आणि पुढे गेलो. पण 'हे कशावरून?' असे कोणी विचारले की पदवीधर मुलेही अडखळतात. युवकांच्या अभ्यासवर्गांत हा अनुभव नेहमी येतो. उत्तरे साधारण तीन असतात : 'पुस्तकात लिहिले आहे', 'शास्त्रज्ञांनी सांगितले आहे' आणि 'दिवस-रात्र होते ना, त्यावरून!' पहिली दोन उत्तरे म्हणजे पुरावा नव्हे आणि तिसरे उत्तर चुकीचे आहे.

आपल्यासाठी हा प्रश्न केवळ भूगोलाचा नाही. केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी जे सांगितले, त्याचा आशय आपण सभांमधून वारंवार मांडतो : परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरूने सांगितले म्हणून कोणतीही गोष्ट स्वीकारू नका. ही कसोटी आपण इतरांच्या पोथ्यांना लावतो. मग पाठ्यपुस्तकातील वाक्याला का लावू नये? ते वाक्य खरे आहे, पण ते खरे का आहे हे ठाऊक नसेल तर आपणही एक पोथीच पाठ केलेली असते. हा लेख त्यासाठी आहे. अभ्यासवर्गात, विहारातील बालसंस्कार वर्गात किंवा घरातील चर्चेत उपयोगी पडावेत, असे पुरावे येथे क्रमाने दिले आहेत.

आधी दोन गती वेगळ्या करू

पृथ्वीला दोन मुख्य गती आहेत. ती स्वतःभोवती फिरते, ते परिवलन. त्यामुळे दिवस-रात्र होते. ती सूर्याभोवती फिरते, ते परिभ्रमण. त्याला एक वर्ष लागते. दिवस-रात्र हा परिभ्रमणाचा पुरावा होऊ शकत नाही, कारण पृथ्वी एकाच जागी राहून नुसती स्वतःभोवती फिरली असती तरी दिवस-रात्र झालीच असती.

१८५१ मध्ये लिआँ फुको या फ्रेंच शास्त्रज्ञाने पॅरिसच्या पँथिऑन इमारतीत ६७ मीटर लांबीचा लंबक टांगून त्याच्या झोक्याची दिशा हळूहळू वळते, हे लोकांना दाखवले. हा प्रयोग अनेक भाषणांत 'पृथ्वी सूर्याभोवती फिरते याचा पुरावा' म्हणून सांगितला जातो. तो परिवलनाचा पुरावा आहे, परिभ्रमणाचा नाही. विरोधकाने हे दाखवून दिले तर आपली पंचाईत होते, म्हणून फरक लक्षात ठेवावा.

परिभ्रमणाचे काही आकडेही ध्यानात असावेत. सूर्यापासून पृथ्वीचे सरासरी अंतर सुमारे १४ कोटी ९६ लाख किलोमीटर आहे. ३६५ दिवस आणि सुमारे ६ तासांत तिला जवळजवळ ९४ कोटी किलोमीटरचा फेरा पूर्ण करायचा असतो. म्हणजे वेग होतो सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर. हा ३०चा आकडा पुढे वेगवेगळ्या पुराव्यांमधून पुन्हा पुन्हा समोर येईल.

नुसत्या डोळ्यांनी निकाल लागत नाही

सूर्य वर्षभरात वेगवेगळ्या राशींतून सरकताना दिसतो. ऋतू बदलतात. डिसेंबरमध्ये संध्याकाळी पूर्वेला उगवणारे मृग नक्षत्र एप्रिलच्या शेवटी संध्याकाळी पश्चिमेला झुकलेले असते. हे सारे पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणून घडते. पण सूर्य पृथ्वीभोवती फिरतो असे मानले तरी यातले बहुतेक सगळे तसेच दिसेल. फलाटावरची गाडी सुटली की आपली सुटली, असा क्षणभर गोंधळ होतो ना? तसेच हे आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने पृथ्वी मध्यभागी धरून ग्रहांचे गणित मांडले. ते चौदाशे वर्षे वापरात राहिले, कारण त्यावरून ग्रहांच्या जागा बऱ्यापैकी बरोबर निघत.

म्हणून खरा प्रश्न असा आहे : असे काय दिसते, जे पृथ्वी फिरत असेल तरच दिसेल?

विचार जुना, पुरावा नवा

पृथ्वी सूर्याभोवती फिरते, असे स्पष्ट मांडणारा पहिला ज्ञात विचारवंत म्हणजे इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकातील ग्रीक विद्वान, सॅमॉसचा अॅरिस्टार्कस. त्याचा हा ग्रंथ हरवला, पण आर्किमिडीजने त्याचा उल्लेख केल्यामुळे आपल्याला तो कळतो. हा काळ सम्राट अशोकाचा. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात ज्या यवन राजांची नावे आहेत, त्यांच्याच जगात अॅरिस्टार्कस होऊन गेला.

आपल्याकडे आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये पृथ्वी स्वतःभोवती फिरते असे सांगितले आणि ग्रहण हे सावलीमुळे होते, हेही मांडले. ही मोठी झेप होती. ब्रह्मगुप्तासारख्या नंतरच्या गणितज्ञाने परिवलनाच्या मतावर टीका केली. मात्र आर्यभटाच्या मांडणीत पृथ्वी मध्यभागीच होती. 'आर्यभटाने कोपर्निकसच्या हजार वर्षे आधीच सारे सांगून ठेवले होते', असे संदेश मोबाइलवर फिरतात. ते अर्धसत्य आहेत. परिवलन सांगितले, परिभ्रमण नाही.

१५४३ मध्ये पोलंडच्या निकोलस कोपर्निकसचा ग्रंथ आला. त्याने सूर्य मध्यभागी ठेवला आणि एक जुने कोडे सोपे झाले. मंगळ, गुरू, शनी हे ग्रह ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर पूर्वेकडे सरकता सरकता मध्येच थांबतात, काही आठवडे उलटे जातात आणि पुन्हा सरळ होतात. यालाच ज्योतिषी 'ग्रह वक्री झाला' म्हणतात. टॉलेमीला यासाठी वर्तुळावर वर्तुळ चढवावे लागले. कोपर्निकसच्या मांडणीत उत्तर साधे आहे. महामार्गावर आपली एसटी शेजारच्या ट्रकला मागे टाकते, तेव्हा लांबच्या डोंगराच्या पार्श्वभूमीवर तो ट्रक मागे सरकल्यासारखा दिसतो. पृथ्वीची कक्षा आतली आणि वेग जास्त, म्हणून ती बाहेरच्या ग्रहाला ओलांडते. ग्रह वक्री होत नाही, आपण पुढे जातो. म्हणूनच हे ग्रह आकाशात सूर्याच्या बरोबर समोर असतात, त्याच सुमारास वक्री दिसतात. टॉलेमीच्या मांडणीत हा मेळ हाताने बसवावा लागे, इथे तो आपोआप बसतो.

तरीही ही मांडणी सोपी होती, एवढेच. सोपे असणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे.

शुक्राच्या कला, १६१०

१६०९ मध्ये गॅलिलिओने दुर्बीण आकाशाकडे वळवली. जानेवारी १६१० मध्ये त्याला गुरूभोवती फिरणारे चार चंद्र दिसले. 'सर्व काही पृथ्वीभोवतीच फिरते' हे मत तिथेच कोसळले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याने शुक्राच्या कला पाहिल्या. शुक्र कधी कोरीसारखा मोठा, तर कधी जवळजवळ पूर्ण गोल पण लहान दिसतो. टॉलेमीच्या मांडणीत शुक्र नेहमी पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधल्या भागात राहतो, त्यामुळे तो पूर्ण गोल दिसणे शक्यच नव्हते. म्हणजे शुक्र सूर्याभोवती फिरतो हे सिद्ध झाले आणि टॉलेमीची मांडणी बाद झाली.

पण इथेही पृथ्वीचा निकाल लागला नव्हता. डेन्मार्कच्या टायको ब्राहेने आधीच एक मधला मार्ग सुचवला होता : बाकी सगळे ग्रह सूर्याभोवती फिरतात आणि सूर्य त्यांना घेऊन पृथ्वीभोवती फिरतो. शुक्राच्या कला या मांडणीतही तशाच दिसल्या असत्या.

टायकोचा प्रामाणिक प्रश्न

टायको अडाणी नव्हता. दुर्बिणीच्या आधीच्या काळातला तो सर्वांत अचूक निरीक्षक होता. त्याचा प्रश्न असा होता : पृथ्वी एवढ्या मोठ्या फेऱ्यात फिरत असेल, तर जवळचे तारे दूरच्या ताऱ्यांच्या तुलनेत वर्षभरात थोडे इकडेतिकडे सरकलेले दिसायला हवेत.

हात लांब करून अंगठा धरा. आधी एक डोळा मिटा, मग दुसरा. मागच्या भिंतीवर अंगठ्याची जागा बदललेली दिसते. यालाच पराशय म्हणतात. जानेवारी आणि जुलैमधल्या पृथ्वीच्या जागा म्हणजे एकमेकांपासून ३० कोटी किलोमीटरवर असलेले दोन डोळे. मग तारे का हलत नाहीत? टायकोला हलताना दिसले नाहीत. म्हणून त्याने पृथ्वी स्थिर मानली.

युक्तिवाद बिनचूक होता. चूक अंतराच्या अंदाजात होती. तारे कल्पनेपलीकडे दूर आहेत. एका अंशाचे ६० भाग म्हणजे कला आणि कलेचे ६० भाग म्हणजे विकला. टायकोची अचूकता सुमारे एका कलेची. सूर्यानंतरच्या सर्वांत जवळच्या ताऱ्याचा पराशय एका विकलेपेक्षाही कमी, सुमारे ०.७७ विकला आहे. त्याला लागणारी अचूकता त्याच्या उपकरणांच्या जवळजवळ ८० पट सूक्ष्म होती.

आपण चळवळीत ही कहाणी बहुतेक वेळा 'एका बाजूला विज्ञान, दुसऱ्या बाजूला चर्च' अशी सांगतो. चर्चचा जुलूम खराच होता. १६१६ मध्ये कोपर्निकसच्या ग्रंथावर निर्बंध आले, १६३३ मध्ये गॅलिलिओला शिक्षा झाली आणि मरेपर्यंत तो नजरकैदेत राहिला. पण त्याच वेळी टायकोसारख्यांच्या रास्त शंकेला उत्तर देणेही बाकी होते. ते मोजमापांनी दिले गेले. जिंकण्यासाठी फक्त विरोधक वाईट असून भागत नाही, आपल्या हातात पुरावा असावा लागतो.

वजनाचा हिशेब : सूर्याला ५७० वर्षे लागली असती

योहानेस केप्लरने १६०९ आणि १६१९ मध्ये ग्रहगतीचे नियम मांडले. तिसरा नियम असा : ग्रहाच्या फेऱ्याच्या काळाचा वर्ग हा त्याच्या सूर्यापासूनच्या सरासरी अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो. पृथ्वीचे अंतर १ आणि काळ १ वर्ष धरा. मंगळाचे अंतर १.५२४ आणि काळ १.८८१ वर्षे. काळाचा वर्ग ३.५४, अंतराचा घनही ३.५४. गुरूचे अंतर ५.२०३, काळ ११.८६ वर्षे. दोन्हीकडे सुमारे १४१. पृथ्वी या रांगेत इतर ग्रहांसारखीच चपखल बसते.

१६८७ मध्ये न्यूटनने या नियमामागचे कारण दिले : गुरुत्वाकर्षण. आता उलटा हिशेब करून पाहू. चंद्र पृथ्वीच्या ओढीने २७.३ दिवसांत एक फेरा करतो. सूर्य चंद्राच्या सुमारे ३८९ पट दूर आहे. तोही पृथ्वीच्याच ओढीने फिरत असता, तर केप्लरच्या नियमाप्रमाणे त्याला लागणारा काळ चंद्राच्या सुमारे ७,६७० पट आला असता, म्हणजे जवळजवळ ५७० वर्षे. प्रत्यक्षात फेरा एका वर्षात होतो. एवढी ओढ पृथ्वीची असूच शकत नाही. ती सूर्याची आहे, कारण सूर्याचे वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे ३ लाख ३३ हजार पट आहे. काटेकोर बोलायचे तर दोघेही त्यांच्या सामाईक वस्तुमानकेंद्राभोवती फिरतात. हा बिंदू सूर्याच्या केंद्रापासून अवघ्या ४५० किलोमीटरवर, म्हणजे सूर्याच्या पोटातच आहे.

हा हिशेब दहावीच्या मुलाला मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरवर करून पाहता येतो. अभ्यासवर्गात तो करून घ्यावाच.

पहिला थेट पुरावा : ब्रॅडली आणि तिरपी छत्री

टायकोच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आणखी एक गोष्ट हाती लागली. डिसेंबर १७२५ मध्ये लंडनजवळ क्यू येथे सॅम्युअल मॉलिनो आणि जेम्स ब्रॅडली यांनी एक उभी दुर्बीण बसवली. कालेय तारकासमूहातील एक तारा तिथे जवळजवळ डोक्यावरून जातो. त्याचा पराशय मोजायचा होता. तारा हलला. वर्षभरात सुमारे ४० विकलांच्या पट्ट्यात तो दक्षिणेकडे गेला आणि परत आला. पण पराशयामुळे ज्या महिन्यांत तो टोकाला असायला हवा होता, त्याच्या तीन महिने पुढे-मागे हे घडत होते. शिवाय इतर तारेही याच पद्धतीने हलत होते.

ब्रॅडलीने १७२९ च्या सुरुवातीला याचे कारण मांडले. पाऊस सरळ पडत असतानाही भरभर चालणाऱ्या माणसाला छत्री पुढे कलती धरावी लागते. तो उलट दिशेला चालू लागला की छत्रीही उलट दिशेला कलते. ताऱ्यांचा प्रकाश म्हणजे पाऊस, दुर्बीण म्हणजे छत्री आणि पृथ्वी म्हणजे चालणारा माणूस. पृथ्वीच्या चालीची दिशा वर्षभर बदलत राहते, म्हणून दुर्बीण कलती धरण्याची दिशाही वर्षभर बदलते. इंग्रजीतील अॅबरेशन या नावाने हा परिणाम ओळखला जातो.

कलण्याचे प्रमाणही तपासता येते. पृथ्वीचा वेग सेकंदाला ३० किलोमीटर, प्रकाशाचा सुमारे ३ लाख किलोमीटर. गुणोत्तर एकास दहा हजार. तेवढा कोन म्हणजे सुमारे २०.५ विकला. निरीक्षण नेमके तेच सांगते आणि सगळ्या ताऱ्यांसाठी एकच सांगते. पृथ्वी स्थिर असती तर छत्री कलती धरायची गरजच नव्हती. पृथ्वी फिरते याचा हा पहिला थेट पुरावा होय.

दुसरा थेट पुरावा : पराशय अखेर सापडला

१८३८ मध्ये जर्मन खगोलशास्त्रज्ञ फ्रीड्रिख बेसेलने हंस तारकासमूहातील '६१ सिग्नी' या अंधूक ताऱ्याचा पराशय मोजला : ०.३१ विकला. अडीच सेंटिमीटर व्यासाचे नाणे १६-१७ किलोमीटरवरून जेवढे दिसेल, तेवढा हा कोन. कोपर्निकसच्या ग्रंथानंतर २९५ वर्षांनी टायकोच्या शंकेला थेट उत्तर मिळाले. तारे हलतात, फक्त अतिशय थोडे. हा तारा आपल्यापासून सुमारे ११ प्रकाशवर्षे दूर आहे.

पुढे हे मोजमाप उपग्रहांनी केले. युरोपच्या हिप्पार्कस उपग्रहाने १ लाखाहून अधिक ताऱ्यांचे पराशय मोजले. २०१३ मध्ये सोडलेल्या गाया या यानाने ही संख्या १४० कोटींच्या पुढे नेली. वर्षातून एकदा आपल्या फेऱ्याचे प्रतिबिंब दाखवणारे १४० कोटींहून अधिक साक्षीदार आज नोंदीत आहेत.

ताऱ्यांचा वर्णपट, स्पंदक आणि नारायणगाव

रुग्णवाहिका जवळ येताना तिच्या भोंग्याचा आवाज चढा आणि दूर जाताना उतरता ऐकू येतो. प्रकाशाचेही तसेच होते. मघा, चित्रा किंवा रोहिणी यांसारखा, सूर्याच्या वार्षिक मार्गाजवळचा तारा घ्या. वर्षातील काही महिने पृथ्वी त्याच्या दिशेने जात असते, तेव्हा त्याच्या वर्णपटातील रेषा निळ्या बाजूला सरकतात. सहा महिन्यांनी त्या तांबड्या बाजूला सरकतात. यातून निघणारा वेग पुन्हा तोच : सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर.

आणखी अचूक साक्षीदार म्हणजे स्पंदक तारे. हे तारे घड्याळासारखे नियमित रेडिओ ठोके पाठवतात. पृथ्वी कक्षेच्या ज्या बाजूला असेल त्याप्रमाणे हे ठोके काही मिनिटे लवकर किंवा उशिरा पोहोचतात. सूर्यापासून पृथ्वीपर्यंत प्रकाशाला सुमारे ८ मिनिटे २० सेकंद लागतात, म्हणून फरकही दोन्ही बाजूंना तेवढ्यापर्यंत जातो. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्राचीन बौद्ध लेण्यांसाठी प्रसिद्ध असलेला हाच जुन्नर तालुका. तिथे स्पंदकांचा अभ्यास करताना पृथ्वीच्या परिभ्रमणाची दुरुस्ती केल्याशिवाय हिशेब जुळत नाही.

ही दुरुस्ती नीट झाली नाही तर काय होते? १९९१ मध्ये अँड्र्यू लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका स्पंदकाभोवती सहा महिन्यांत फेरा घालणारा ग्रह सापडल्याचे जाहीर केले. जगभर बातमी झाली. नंतर लक्षात आले की तो ग्रह नव्हताच. पृथ्वीच्या लंबवर्तुळाकार कक्षेचा हिशेब पुरेसा काटेकोर झाला नव्हता, त्यामुळे आपलीच गती ग्रहाच्या रूपात दिसत होती. जानेवारी १९९२ मध्ये लाइन यांनी शास्त्रज्ञांच्या भरसभेत उभे राहून ही चूक सांगितली. सभागृहाने उभे राहून टाळ्या वाजवल्या. पृथ्वी फिरते याचा यापेक्षा बोलका पुरावा कोणता? आणि विज्ञान पोथीपेक्षा वेगळे का असते, याचाही.

यानांचा पुरावा

५ नोव्हेंबर २०१३ रोजी मंगळयान निघाले आणि २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत पोहोचले. वाटेत ते सूर्याभोवती अर्ध्या लंबवर्तुळाच्या मार्गाने गेले आणि त्यासाठीचा बहुतेक वेग त्याला पृथ्वीच्या ३० किलोमीटरच्या गतीतूनच मिळाला होता. मंगळाकडे जाण्याची सोयीची वेळ दर २६ महिन्यांनीच येते, कारण तेवढ्या काळाने पृथ्वी आणि मंगळ आपापल्या फेऱ्यांत पुन्हा योग्य स्थितीत येतात.

६ जानेवारी २०२४ रोजी आदित्य-एल१ पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने १५ लाख किलोमीटरवरच्या बिंदूजवळ स्थिरावले. सूर्याच्या अधिक जवळ असलेली वस्तू खरे तर लवकर फेरा पूर्ण करते. पण या बिंदूपाशी पृथ्वीची ओढ सूर्याची ओढ थोडी कमी करते, म्हणून यानालाही बरोबर एक वर्षच लागते आणि ते पृथ्वीच्या सोबत राहते. पृथ्वी सूर्याभोवती फिरत नसती तर असा बिंदू या जागी निघालाच नसता.

विहारात करून पाहण्यासारखे

१. एखादा तारा ठरावीक इमारतीमागे कधी मावळतो याची वेळ आठ दिवस लिहा. तो रोज सुमारे ४ मिनिटे लवकर मावळतो. महिन्याला दोन तास, वर्षाला पूर्ण २४ तास. वर्षाचा फेरा असा रोज थोडा थोडा दिसतो.

२. कॅलेंडरवर २० मार्च ते २३ सप्टेंबर आणि तिथून पुन्हा २० मार्चपर्यंतचे दिवस मोजा. पहिला भाग सुमारे १८७ दिवसांचा, दुसरा १७८ दिवसांचा. जुलैमध्ये पृथ्वी सूर्यापासून दूर असते आणि सावकाश चालते, जानेवारीत जवळ असते आणि वेगात चालते. केप्लरचा दुसरा नियम भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये असा सापडतो. उन्हाळा सूर्य जवळ आल्यामुळे येत नाही, पृथ्वीचा अक्ष सुमारे २३.४ अंशांनी कललेला असल्यामुळे येतो, हेही मुलांना यातून सांगता येईल.

३. १९ फेब्रुवारी २०२७च्या सुमारास मंगळ सूर्याच्या बरोबर समोर येतो. त्या आधी आणि नंतर काही आठवडे मघा ताऱ्याच्या परिसरातील त्याची जागा दर चार दिवसांनी कागदावर नोंदवा. तो मागे सरकताना दिसेल. 'वक्री' म्हणजे काय, हे त्यानंतर कोणाला समजावून सांगावे लागणार नाही.

नेहमी येणारे दोन प्रश्न

*एवढा वेग असेल तर जाणवत का नाही?* वेग जाणवत नाही, वेगातला बदल जाणवतो. सरळ धावणाऱ्या रेल्वेत चहा सांडत नाही, ब्रेक लागला की सांडतो. पृथ्वीची दिशा वर्षभरात इतकी हळूहळू बदलते की शरीराला कळत नाही.

*सूर्यही फिरतो ना, मग सगळे सापेक्षच नाही का?* सूर्य आकाशगंगेच्या केंद्राभोवती सेकंदाला २०० किलोमीटरहून अधिक वेगाने जातो आणि पृथ्वीसह सर्व ग्रहांना घेऊन जातो. हिशेबासाठी कोणतीही जागा स्थिर धरता येते, हेही खरे. पण ताऱ्यांचा प्रकाश, स्पंदकांचे ठोके आणि वर्णपट या सर्वांत एका वर्षाची एकच लय सापडते. ती पृथ्वीच्या फेऱ्याची आहे. 'सापेक्ष' हा शब्द वापरून ती पुसता येत नाही.

आपल्या परंपरेलाही हीच कसोटी

'बुद्धाने अडीच हजार वर्षांपूर्वीच हे सांगितले होते', असे दावे आपल्याही गटांत फिरतात. ते टाळावेत. वसुबंधूच्या अभिधर्मकोशात जगाच्या मध्यभागी सुमेरू पर्वत आणि त्याभोवती फिरणारे सूर्य-चंद्र, असे वर्णन आहे. ती त्या काळाची समजूत होती. जपानमध्ये एकोणिसाव्या शतकात एन्त्सू नावाच्या भिक्खूने तिचा जोरदार बचाव केला, पण तो टिकला नाही. दलाई लामांनी २००५ मधील आपल्या विज्ञानविषयक पुस्तकात सुमेरूची ही कल्पना प्रत्यक्ष ज्ञानाशी जुळत नसल्याचे मोकळेपणाने मान्य केले. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बुद्धवचन ओळखण्यासाठी बुद्धिसंगतीची कसोटी दिली. त्या कसोटीवर सुमेरू उतरत नाही, आणि त्यामुळे धम्माचे काहीही बिघडत नाही. धम्म दुःख आणि दुःखमुक्तीबद्दल आहे. त्याला भूगोलाच्या खोट्या दाखल्यांची गरज नाही.

आणि आपली घरे?

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्या घरांतून बरेच काही बाहेर गेले. पण वस्तीत काम करताना दिसते की पत्रिका मागच्या दाराने परत येत आहे. मुलीला 'मंगळ' आहे म्हणून स्थळ परत जाते. नोकरी लागत नाही म्हणून साडेसातीवर पैसे खर्च होतात. ग्रहणाच्या दिवशी गरोदर बाईला काही न खाता-पिता अंधाऱ्या खोलीत बसवले जाते. याची किंमत बहुतेक वेळा बाईच मोजते.

दीघ निकायातील ब्रह्मजाल सुत्तात ग्रह-नक्षत्रांवरून, ग्रहणांवरून भविष्य सांगणे भिक्खूंसाठी चुकीची उपजीविका म्हणून नोंदले आहे. आपल्या काळात डॉ. जयंत नारळीकर यांनी डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांसह ज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार मुले आणि मतिमंद मुले यांच्या पत्रिका ज्योतिषांना देऊन त्या ओळखायला सांगितल्या. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. बरोबर उत्तरांचे प्रमाण सरासरी ४६ टक्के निघाले. नाणे उडवून साधारण ५० टक्के येतात.

ज्या मंगळाला आपली मुलगी नाकारण्याचा अधिकार दिला जातो, तो मंगळ आणि आपण एकाच सूर्याभोवती फिरणारे शेजारी आहोत. आपण त्याला दर २६ महिन्यांनी मागे टाकतो. हे वाक्य लग्नाच्या बैठकीत ठामपणे म्हणायचे असेल, तर त्यामागचे पुरावे तोंडपाठ नकोत, समजलेले हवेत. संविधानाच्या कलम ५१-क ने वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य मानले आहे. धम्माने तेच एका शब्दात सांगितले आहे : एहिपस्सिको. या आणि पाहा.

जय भीम! नमो बुद्धाय!